३ टक्क्यांचा हिशोब मागितला तेव्हा: कॅलिफोर्नियाच्या एबी ६२४ चं प्रकरण

जून २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यो कोटो नावाच्या आमदाराने एबी ६२४ (असेंब्ली बिल ६२४) हे बिल मागे घेतलं. स्वतःच आणलेलं, जानेवारीत खालच्या सभागृहात पास झालेलं, सिनेटमध्ये अर्ध्या वाटेवर असलेलं. कुणी ते पाडलं नव्हतं, त्यांनीच मागे घेतलं, आणि त्याचवेळी ज्यांच्यावर हे बिल येऊन आदळणार होतं त्या दहा बड्या फाउंडेशनांनी, म्हणजे मोठा निधी गुंतवून त्यातून संस्थांना पैसा देणाऱ्यांनी, जाहीर केलं की आम्ही पुढची काही वर्षं अल्पसंख्य (म्हणजे गोरे सोडून बाकी) समाजाच्या संस्थांसाठी लाखो डॉलर घालू. दोन्ही बाजूंनी हात मिळवले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं वा, काय भारी सेटलमेंट झाली. आता तसं वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी बिल काय होतं ते सांगतो कारण विषय ऐकून लोकांना वाटतं की काहीतरी आरक्षण वगैरे असणार. तसं काहीच नव्हतं हो. ज्या फाउंडेशनची मालमत्ता २५ कोटी डॉलरच्या वर आहे तिने दरवर्षी आपल्या वेबसाइटवर आणि वार्षिक अहवालात टाकायचं की बोर्डावर (विश्वस्त मंडळावर) आणि स्टाफमध्ये कुठल्या वंशाचे किती लोक, बाया किती, पुरुष किती, आणि ग्रँटपैकी, म्हणजे संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी, किती ग्रँटा आणि किती पैसे कुठल्या समाजासाठी काम करणाऱ्या संस्थांना गेले, त्यातही ज्या संस्थांच्या बोर्डावर आणि स्टाफमध्ये निम्मे किंवा जास्त लोक अल्पसंख्य समाजाचे आहेत त्यांना किती गेले. बस. कुणाला किती द्या यावर एक अक्षर नाही. फक्त सांगा.

आणि एवढ्यावरून केवढा गदारोळ.

मी स्वतः छोट्या संस्थांना प्रपोजलं लिहून देतो, हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणजे फंडर काय विचारतो आणि काय विचारत नाही हे बघण्यातच माझे दिवस जातात. त्यामुळे एका सरळसाध्या "सांगा" वरून एवढी मोठमोठी माणसं का हलली हे मला समजून घ्यायचं होतं.

या बिलामागे ग्रीनलायनिंग इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती, बर्कलीची. नावातच सगळी गोष्ट आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवले होते, त्यात काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. त्यावरून रेडलायनिंग हा शब्द आला. लाल रेघ मारली की त्या वस्तीत घरासाठी कर्ज मिळणार नाही, घर नाही म्हणजे पुढच्या पिढीला द्यायला काही नाही. या लाल रेघेच्या उलट ती ग्रीनलायनिंग, हिरवी रेघ, पैसा इकडे वळवा.

या लोकांनी बँकांशी भांडून एक गोष्ट शिकली होती. १९७५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की घरकर्ज कुठे कुठे दिलं ते बँकांनी जाहीर करायचं, आणि १९७७ मध्ये दुसरा झाला की जिथून ठेवी घेता त्या सगळ्या वस्त्यांना, गरीब वस्त्या धरून, कर्जही द्या. मग १९८९ च्या दुरुस्तीने कर्ज मागणाऱ्याचा वंशही त्या आकड्यांत आला. तोपर्यंत बँका म्हणायच्या आम्ही भेदभाव करत नाही, आणि समोरच्याकडे पुरावा काय, तर शेजाऱ्याला कर्ज मिळालं नाही हा अनुभव. आकडे उघड झाल्यावर वस्तीतल्या संस्था तेच कागद घेऊन बँकेच्या दारात जाऊ लागल्या, बोलणी करू लागल्या, करार करू लागल्या. आकडा हातात असला की मीटिंगमध्ये आवाज चढवावा लागत नाही, हे कुठल्याही ग्रामसभेत बसलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

तर ग्रीनलायनिंगवाल्यांच्या डोक्यात आलं की बँकांचं झालं, आता फाउंडेशन. २००५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच मोजदाद केली आणि निघालं की देशातल्या मोठ्या फाउंडेशनांच्या ग्रँटच्या पैशातले जेमतेम ३ टक्के अल्पसंख्य समाजातल्या लोकांनी चालवलेल्या संस्थांकडे जातात. त्यावेळी अमेरिकेत गोरे सोडून बाकी सगळे मिळून लोकसंख्येच्या जवळपास एक तृतीयांश होते, आणि कॅलिफोर्नियात तर २००० च्या जनगणनेत गोरे निम्म्यापेक्षा खाली आले होते. म्हणजे ज्यांना आपण अल्पसंख्य म्हणतोय ते तिथे मिळून बहुसंख्य.

फाउंडेशनवाल्यांचं म्हणणं होतं की तुमची मोजण्याची पद्धतच चुकीची आहे. संस्था कोण चालवतं हे काय मोजता, पैसा कुणासाठी खर्च झाला ते मोजा. एखाद्या गोऱ्या माणसाच्या फूड बँकेतून जर शंभरातल्या नव्वद लॅटिनो कुटुंबांना धान्य जात असेल तर तो पैसा लॅटिनोंचाच ना? आणि त्या हिशोबाने मोजलं की आकडा ३ पेक्षा कितीतरी पट मोठा यायचा.

इथेच या प्रकरणाची सगळी मेख आहे, म्हणून जरा थांबतो. "साठी" आणि "हातात". पैसा कुणासाठी आला आणि कुणाच्या हातात आला. आपल्याकडेही हे रोज चालतं, आदिवासींसाठी एवढे कोटी, भटक्यांसाठी एवढे कोटी, फलकावर फोटो आदिवासी पोराचा, आणि चेकवर सही कुणाची, तर पुण्यामुंबईतल्या कुणाची. सहीवाला माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाहीये, त्यातले कित्येक जण आयुष्य घालवून काम करतात, मी त्यांच्याच प्रपोजलांवर जगतो. पण सही ज्याची त्याला उद्या कळतं की यंदा पाण्यापेक्षा शाळेची गरज जास्त आहे, आणि तो तसं वळवू शकतो, त्याच्याकडे ऑफिस राहतं, कॉम्प्युटर राहतो, दोन पोरं ट्रेन होऊन राहतात, पुढच्या ग्रँटला दाखवायला अहवाल राहतो. "साठी" वाल्याकडे धान्य खाऊन झालं की काय राहतं? पुढच्या महिन्याची रांग.

ग्रीनलायनिंगला "हातात" मोजायचं होतं. फाउंडेशनांना "साठी" मोजलेलं चाललं असतं, खरं तर काहीच न मोजलेलं जास्त चाललं असतं.

आता विरोधकांचं सगळंच फालतू होतं असं नाही. बिलाच्या सुरुवातीच्या मसुद्यात लैंगिक कलाचीही माहिती मागितली होती, म्हणजे बोर्डावरच्या माणसाने गे आहे की नाही ते सांगायचं, हे कुणालाही खटकेल, आणि ते नंतर सुधारलंही गेलं. दुसरं असं की एखादं फाउंडेशन समुद्रातल्या माशांवर काम करतं, त्याच्या ग्रँटला वंशाचा रकाना कसा लावणार. तिसरं, ज्या छोट्या संस्थेला ग्रँट मिळते तिलाच शेवटी हे फॉर्म भरत बसावं लागणार, फाउंडेशन काय, एक ईमेल फॉरवर्ड करेल. हा तिसरा मुद्दा मला तरी एकदम पटतो, कारण प्रत्येक नवा रकाना शेवटी सगळ्यात खालच्या माणसाच्या रात्री खातो.

पण खरा विरोध तत्त्वाचा होता. फिलान्थ्रोपी राउंडटेबल ही देणगीदारांची संघटना वगैरे मंडळी म्हणत होती की दान हे खाजगी आहे, देणाऱ्याची मर्जी, सरकारने त्यात डोकावायचं नाही, आज माहिती मागताय, उद्या कोटा लावाल. कॅलिफोर्नियात १९९६ मध्येच प्रपोझिशन २०९ या लोकांच्या मतदानाने झालेल्या कायद्याने सरकारी नोकऱ्या, शिक्षण आणि ठेक्यांमध्ये वंशाचा विचार करायला बंदी घातली होती, त्यामुळे हे मागच्या दाराने आणलेलं आरक्षण आहे अशी ओरड करायला जमीन तयारच होती.

समोरून उत्तर असं की खाजगी कसलं? अमेरिकेत फाउंडेशन काढलं की आत टाकलेल्या पैशावर करसवलत मिळते, तो कर सरकारकडे गेला असता तर त्यातला काही रस्त्यावर, शाळेवर आला असता. त्या बदल्यात कायदा एवढंच म्हणतो की मालमत्तेच्या साधारण ५ टक्के दरवर्षी खर्च करा, आणि एक रिटर्न भरा जे कुणालाही बघता येतं. म्हणजे किती पगार दिला, कुणाला किती ग्रँट दिली हे आधीपासूनच उघड आहे. खाजगीपणा गेलाच आहे की मग. फक्त एका विशिष्ट प्रश्नाला खाजगी म्हणायचं ठरलंय. मला हा युक्तिवाद विरोधकांच्या युक्तिवादापेक्षा वजनदार वाटतो, पण निर्णय युक्तिवादावर झाला नाही.

निर्णय झाला टेबलावर. कोटोंचं बिल सिनेटमध्ये होतं, वर गव्हर्नर श्वार्झनेगर (हो, तोच सिनेमावाला), रिपब्लिकन, तो सही करेलच याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं. फाउंडेशनवाल्यांनाही बिल पास झालं तर बाकीची राज्यं उचलतील याची धास्ती. मग दहा मोठी फाउंडेशनं, त्यात आयर्विन, ह्युलेट, पॅकार्ड, कॅलिफोर्निया एन्डोमेंट अशी नावं, एकत्र आली आणि म्हणाली की आम्ही अल्पसंख्य समाजाच्या आणि गरीब वस्तीतल्या संस्थांची ताकद वाढवायला, त्यांच्यातून नेतृत्व तयार करायला, बोर्ड आणि स्टाफमध्ये वैविध्य आणायला अनेक वर्षांचा कार्यक्रम करतो. तुम्ही बिल मागे घ्या.

तुम्ही कोटोंच्या जागी असता तर काय केलं असतं? माझा पहिला विचार, घे बाबा. बिल म्हणजे कदाचित, आणि हा पैसा नक्की. ज्या संस्थेला पुढच्या महिन्याचा पगार द्यायचाय तिला पारदर्शकतेचं तत्त्व सांगून काय उपयोग. कोटो हे आमदार होण्याआधी सॅन होजेतल्या हायस्कूल डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडेंट होते, पैसा नसला की शाळेचं काय होतं ते त्यांनी बघितलेलं असणार. त्यामुळे त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

तरी पण सौदा वाईट झाला असं माझं मत आहे आणि कारण सांगतो. पैसा देणं ही एका वेळची गोष्ट आहे, काही वर्षांची, आणि किती द्यायचा कुणाला द्यायचा हे ठरवणारे परत तेच. आकडे मात्र दरवर्षी आले असते, कुणी मागो न मागो. २०१० चा आकडा २०११ शेजारी ठेवता आला असता, एका फाउंडेशनचा दुसऱ्याशेजारी. बँकांशी लढताना ज्या हत्याराने काम झालं होतं नेमकं तेच हत्यार त्यांनी इथे पैशाच्या बदल्यात खाली ठेवलं. आणि ज्या गोष्टीसाठी समोरचा माणूस पैसे मोजायला तयार होतो ती गोष्ट त्याच्या लेखी त्या पैशापेक्षा महागच असणार ना, भाजी मंडईतलं साधं गणित आहे.

वर नशीब असं की करार जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडली. फाउंडेशनांचा सगळा जीव शेअर बाजारात गुंतवलेल्या निधीत असतो, तोच आपटला. कार्यक्रम झाला, ग्रँटा दिल्या गेल्या, मी ते नाकारत नाही, पण दर वर्षी उघडून बघावी अशी वही मागे राहिली नाही.

दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, फ्लोरिडाने उलटा कायदा केला. फाउंडेशनला तिच्या बोर्डाचा, स्टाफचा, ग्रँट घेणाऱ्यांचा वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल जाहीर करायला सरकार भाग पाडू शकत नाही. म्हणजे कॅलिफोर्नियात बिल मागे घेतल्याने वाद मिटला नाही, उलट विरोधकांना कळलं की दार कुठे आहे, त्यांनी जाऊन कुलूप लावलं.

मधल्या काळात आणखी एक झालं. २००९ मध्ये एनसीआरपी म्हणजे फाउंडेशनांवर नजर ठेवणारी वॉशिंग्टनची संस्था, तिने निकष काढले की ग्रँटच्या पैशातले निदान ५० टक्के वंचित समाजांच्या फायद्यासाठी जावेत. ह्युलेट फाउंडेशनचे तेव्हाचे अध्यक्ष पॉल ब्रेस्ट यांनी त्यावर जाहीर टीका केली. ज्या दहांनी एक वर्षापूर्वी हात मिळवले होते त्यातलं ह्युलेट एक. मला यात ढोंग दिसत नाही, त्यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं की आम्ही देऊ पण आमच्या हिशोबाने, बाहेरच्याने पट्टी घेऊन यायचं नाही.

मग मोजलं कुणीच नाही का? मोजलं, पण तुकड्यातुकड्यात आणि ज्याच्या त्याच्या मर्जीने. २०१९ मध्ये मूळ अमेरिकी समाजाच्या फंडिंगचा हिशोब निघाला, मोठ्या फाउंडेशनांच्या वार्षिक पैशातले सरासरी ०.४ टक्के त्यांच्याकडे, लोकसंख्या साधारण २ टक्के. २०२० मध्ये इकोइंग ग्रीन (नव्या सामाजिक संस्थांना पैसा देणारी संस्था) आणि ब्रिजस्पॅन (अशा संस्थांना सल्ला देणारी) यांनी अजून बारीक मोजलं, इकोइंग ग्रीनकडे अर्ज करणाऱ्यांत काळ्या नेतृत्वाच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्या नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा २४ टक्के कमी, आणि कुठल्याही अटीशिवाय वापरता येईल अशी शिल्लक ७६ टक्के कमी. हा ७६ चा आकडा बघा. ग्रँट मिळते, पण अशी मिळते की प्रत्येक रुपयाला दोरी बांधलेली, या कामालाच वापर, त्याला नाही. विश्वास कुणावर किती आहे ते ग्रँटच्या रकमेपेक्षा या अटींत दिसतं. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला म्हणतात घ्या, तुम्हाला ठीक वाटेल तसं वापरा.

त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि सगळ्यांनी वांशिक समतेसाठी पैसे द्यायच्या घोषणा केल्या. अमेझॉनवाल्या जेफ बेझोसची माजी बायको मॅकेन्झी स्कॉट, तिने जुलैमध्ये ११६ संस्थांना मिळून १७० कोटी डॉलर दिल्याचं सांगितलं, विनाअट, आणि सोबत हेही सांगितलं की वांशिक समतेवर काम करणाऱ्या संस्थांपैकी ९१ टक्के त्या समाजांतल्याच नेत्यांच्या आहेत. म्हणजे एबी ६२४ ने जो आकडा मागितला होता तोच तिने न मागता स्वतःहून दिला. आभाळ काही कोसळलं नाही.

पण वारं फिरायला वेळ लागत नाही. अटलांटाच्या फिअरलेस फंड या गुंतवणूक कंपनीने काळ्या बायकांच्या छोट्या धंद्यांसाठी २० हजार डॉलरची ग्रँट स्पर्धा ठेवली होती, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यावर केस झाली, कायदा कुठला वापरला तर १८६६ चा, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून केलेला. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी स्पर्धा थांबवली, सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद. म्हणजे २००८ मध्ये प्रश्न होता की मोजायचं का, आणि १५ वर्षांनी प्रश्न आला की त्यांनाच म्हणून द्यायचं का.

आता आपल्याकडे. कंपनी कायद्याचं कलम १३५ आलं, २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, घालावे लागतात, राज्यानुसार, विषयानुसार किती खर्च झाला ते सरकारी पोर्टलवर दिसतं. म्हणजे आपण "सांगा" च्या बाबतीत एका अर्थी कॅलिफोर्नियाच्या पुढे आहोत. महाराष्ट्राचं नाव त्या यादीत कायम वर असतं. पण याच महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव हे आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागे राहिलेले म्हणून निवडलेले, जिल्हेही आहेत, आणि राज्याच्या एकूण आकड्यातून यांच्या वाट्याला काय आलं ते कळत नाही. कायद्यात कंपनीच्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य असं आहे, कारखाना जिथे पैसा तिथे, नंदुरबारमधल्या धडगावात कुणाचा कारखाना आहे?

२०२१ पासून सीएसआरचा पैसा घ्यायचा तर बाहेरच्या संस्थेला १२ए, ८०जी (या करसवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ नोंदणी लागते, तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा ट्रॅक रेकॉर्ड तर आधीपासूनच लागतो. फसवणूक टाळायला हे हवं, मान्य. पण वस्तीतून उठून नव्याने संस्था काढणाऱ्या माणसाला तीन वर्षं कुणाच्या पैशावर काम करायचं? मग तो कुठल्यातरी जुन्या मोठ्या संस्थेच्या छत्रीखाली जातो, पैसा त्याच्यासाठी येतो, हातात त्यांच्या राहतो. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैशात तर ही छत्रीही गेली, एका संस्थेने दुसरीला पुढे द्यायलाच बंदी.

आणि संस्था कोण चालवतं हे पोर्टल विचारत नाही. जात विचारली की फूट पडते, हे वाक्य इथे जातनिहाय जनगणनेच्या वादात कितीदा ऐकलं, जवळपास तेच तिकडे वंशाबद्दल बोललं जात होतं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने येत्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. फंडिंगमध्ये मोजा असं म्हणणारा ज्यो कोटो अजून तरी मला दिसलेला नाही.

मागच्या वर्षी मराठवाड्यात एका पारधी वस्तीत मुलांसाठी काम करणाऱ्या ताईंचं प्रपोजल लिहीत होतो. ताई स्वतः त्याच समाजाच्या, दहावीनंतर बाहेरून शिकलेल्या. फंडरच्या फॉर्ममध्ये लाभार्थ्यांचा तक्ता होता, एससी किती, एसटी किती, भटके विमुक्त किती, मुली किती. तो भरून झाला. खाली संस्थेची माहिती, ट्रस्टींची नावं, पॅन नंबर, शिक्षण. तिथे असा तक्ता नव्हता. ताईंनी स्क्रीन दोनदा वरखाली करायला लावली आणि विचारलं, "दादा, मग मी यात कुठं मोजायची?" मी म्हटलं, ताई, तुम्ही इम्प्लिमेंटिंग एजन्सी, म्हणजे काम राबवणारी संस्था. त्या म्हणाल्या, बरं, आणि सही कुठं करायची ते विचारलं.